वजनाची शस्त्रक्रिया आणि गुडघ्याची गोळी

गुडघेदुखीसाठी रोज सकाळी चहानंतर घेतली जाणारी गोळी आणि पोटावर होणारी शस्त्रक्रिया यांचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण ज्यांना संधिवात आहे आणि ज्यांच्या घरी वजन उतरवण्यासाठी बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा विचार सुरू आहे, त्यांच्या बाबतीत कोणती शस्त्रक्रिया करायची हे पुष्कळदा ही गोळीच ठरवते. निदान तिने ठरवायला हवे. प्रत्यक्षात काय होते? रुग्ण सर्जनला मधुमेह सांगतो, रक्तदाब सांगतो, थायरॉइडची गोळी सांगतो. गुडघ्याची गोळी सांगायची राहून जाते, कारण ती त्याला औषध वाटतच नाही. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते, दुखले की घ्यायची, 'ती पिवळी गोळी' एवढीच तिची ओळख.

गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद, चालणे बंद म्हणून वजन वाढते, आणि वजन वाढले की गुडघे आणखी दुखतात, हे चक्र आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यातला वजनाचा वाटा किती, हे अमेरिकेतील स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोजून दाखवले. शरीराचे वजन १ किलोने उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. म्हणजे २० किलो उतरले तर प्रत्येक पावलाला ८० किलोचा फरक. दिवसभरात किती पावले पडतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. शिवाय चरबी हे नुसते ओझे नाही. दाह वाढवणारी रसायने ती रक्तात सोडत असते. ज्यांच्यावर शरीराचा भार कधीच येत नाही अशा हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही लठ्ठ माणसांत जास्त दिसते, ती बहुधा त्यामुळेच.

त्यामुळे 'वजन कमी करा' हा सल्ला बरोबरच असतो. पण ज्याला जिना चढवत नाही त्याने व्यायाम करून ३० किलो उतरवावेत, ही अपेक्षा कागदावरच बरी. अशा वेळी शस्त्रक्रियेचा विषय निघतो. तिच्यासाठी बीएमआय म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा पाहतात. १९९१ पासून ४०, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५, ही मर्यादा जगभर प्रमाण मानली जात होती. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन संघटनांनी ती खाली आणली: कोणताही आजार नसला तरी ३५, आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार करावा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी ३५ म्हणजे ८४ किलो आणि २७.५ म्हणजे ६६ किलो. गुडघे दुखतात म्हणून ६६ किलोच्या बाईने उठून शस्त्रक्रिया करून घ्यावी असा याचा अर्थ अजिबात नाही. दार पूर्वीपेक्षा लवकर उघडते, एवढेच.

दोन शस्त्रक्रिया, दोन वेगळी पोटे

आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया दोन. पहिली स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. हिच्यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. थोडक्या जेवणाने पोट भरते. शिवाय भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात मुख्यतः तयार होते तो भागच निघून गेल्याने भूकही मंदावते. अन्नाचा रस्ता मात्र पूर्वीचाच राहतो.

दुसरी गॅस्ट्रिक बायपास. हिच्यात जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे लहानशा अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर काढत नाहीत. ते पोटातच राहते, आपला रस तयार करत राहते, फक्त अन्न त्यात जात नाही. या शस्त्रक्रियेचा जन्म १९६६ मधला, आयोवा विद्यापीठातला. अल्सरमुळे जठराचा भाग काढावा लागलेल्या रुग्णांचे वजन उतरते आणि पुन्हा वाढत नाही, हे पाहून एडवर्ड मेसन यांना ही कल्पना सुचली. अल्सरच्या शस्त्रक्रियेतून जन्मलेल्या बायपासची पाठ अल्सरने अजूनही सोडलेली नाही, आणि संधिवाताच्या रुग्णाची अडचण नेमकी इथेच आहे.

जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट स्रावाचा एक थर असतो. जठरातले आम्ल जठरालाच खात नाही ते या थरामुळे. हा थर टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने करतात. सांध्यात सूज आणि वेदना निर्माण करणारी रसायनेही याच कुटुंबातली. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखतात. त्यामुळे सांध्याला आराम पडतो आणि त्याच वेळी जठराचे कवच पातळ होते. धडधाकट जठर हे बऱ्यापैकी सोसते. बायपासमध्ये मात्र आतड्याचा जो भाग छोट्या पिशवीला जोडलेला असतो, तो आम्ल झेलण्यासाठी घडलेलाच नसतो. त्या सांध्यावर (हा सांधा शिवणीचा, हाडांचा नव्हे) व्रण होतो. त्याला मार्जिनल अल्सर म्हणतात. त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित तो आरपार फुटतो आणि मध्यरात्री रुग्णाला ऑपरेशन टेबलवर घ्यावे लागते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच हे होते असे नाही, काही वर्षांनीही होऊ शकते. आणखी एक पेच असा की मागे राहिलेल्या मोठ्या जठरात व्रण झाला, तर तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण तिथपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून बायपासनंतर या गटातल्या गोळ्या जन्मभर टाळायच्या, हा नियम. 'जेवणानंतर घेतली तर चालते ना?' हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत. 'मग इंजेक्शन घेतो.' तेही नाही. गोळी भिंतीला लागून होणारे नुकसान हा गोष्टीचा अर्धाच भाग झाला. खरे काम रक्तातून होते. औषध कमरेत टोचले काय किंवा गुदद्वारावाटे दिले काय, कवच पातळ व्हायचे ते होतेच. इटोरीकॉक्सिब, सेलेकॉक्सिब ही नवी औषधे पोटाला तुलनेने सौम्य आहेत, पण निर्धोक नाहीत. पॅरासिटामोल या गटात मोडत नाही, ते ठरलेल्या मात्रेत चालते. फक्त आपल्याकडे गोंधळ असा की बाजारातल्या असंख्य गोळ्या पॅरासिटामोल आणि ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक यांचे मिश्रण असतात. 'मी फक्त पॅरासिटामोल घेते' असे सांगणाऱ्या बाईंची पट्टी उलटून मागची बारीक अक्षरे वाचली की खरा प्रकार कळतो.

स्लीव्हमध्ये हा शिवणीचा सांधाच नसतो. त्यामुळे अल्सरचा धोका बराच कमी आणि गरज पडली तर, थोड्या दिवसांसाठी, आम्ल कमी करणाऱ्या गोळीच्या संरक्षणाखाली, वेदनाशामक देण्याची मुभा डॉक्टरांना राहते. मुभा म्हणजे रोजची परवानगी नव्हे. पण ज्याचा संधिवात पुढची वीस-तीस वर्षे सोबत राहणार आहे, त्याच्यासाठी ही फट फार मोलाची आहे. संधिवाताच्या रुग्णाला बहुतेक वेळा स्लीव्ह सुचवली जाते ती एवढ्यासाठी.

पण पित्ताचे काय?

गोष्ट इथेच संपली असती तर निवड सोपी होती. पण स्लीव्हची नळी अरुंद असते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत येते. स्वित्झर्लंडमध्ये या दोन शस्त्रक्रियांची तुलना करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधीपासून जळजळीचा त्रास होता त्यांच्यापैकी सुमारे ३२ टक्के लोकांचा त्रास स्लीव्हनंतर वाढला. बायपासनंतर हे प्रमाण ६ टक्के होते. म्हणजे ज्याला रात्री उशीला उशी लावून झोपावे लागते, आंबट पाणी घशाशी येते, त्याच्यासाठी बायपास बरी. आणि वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्लेल्या माणसाला हाच त्रास असण्याची शक्यता जास्त! पेच आहे तो असा.

मधुमेह जुना आणि हट्टी असेल तर पारडे बायपासकडे झुकते. वजनही बायपासने थोडे जास्त उतरते. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या अभ्यासात ५ वर्षांनंतर जादा वजनापैकी स्लीव्हने ४९ टक्के तर बायपासने ५७ टक्के उतरलेले दिसले. गुडघ्याला हा फरक जाणवेल का? माझ्या मते जाणवला तरी तो वेदनाशामक कायमचे गमावण्याच्या किमतीइतका क्वचितच असतो. पण हे मत गुडघ्याच्या बाजूने बघणाऱ्याचे. ज्याचा मधुमेह डोळे आणि किडनीपर्यंत पोहोचला आहे, त्याचा हिशेब वेगळा होईल आणि तो तसाच व्हायला हवा.

आपल्याकडे मिनी बायपासही बऱ्याच ठिकाणी होते. तिच्यात जोड दोनऐवजी एकच असतो, शस्त्रक्रिया कमी वेळात आटोपते. पण जोड आहे म्हणजे अल्सरचा धोका आणि वेदनाशामकांवरची बंदीही आली. त्यात एक गंमत अशी की आपण घरात ज्याला 'पित्त झाले' म्हणतो ते बहुतेक वेळा पित्त नसून आम्ल असते. मिनी बायपासनंतर मात्र काही जणांच्या जठराच्या पिशवीत खरोखरचे, यकृतातून आलेले पित्त उलटे चढते. 'मिनी' या शब्दावर जाऊन ही छोटी, बिनत्रासाची शस्त्रक्रिया असेल असे समजू नये.

कोणता संधिवात?

आतापर्यंत आपण संधिवात हा शब्द सैलपणे वापरला. गुडघ्याची झीज असेल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, तर वजन उतरल्यावर गोळीची गरजच कमी होण्याची चांगली शक्यता असते. आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे तसे नाही. तो प्रतिकारशक्तीचा आजार आहे, वजन उतरले म्हणून तो जात नाही. बोस्टनमधील ५३ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या असता शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने त्यांचा आमवात बराच शांत झालेला आढळला. पण रुग्ण थोडे, आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांशी तुलना नाही. आशा धरावी, औषधे सोडू नयेत.

आमवाताच्या रुग्णाच्या पिशवीत आणखी बरेच काही असते. स्टेरॉइड चालू असेल तर शिवण भरून यायला वेळ लागतो, अल्सरचा धोका वाढतो आणि हाडे ठिसूळ होतात. बायपासनंतर कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व कमी शोषले जाते, हाडांची घनता घटते. म्हणजे ठिसूळ हाडांवर दुसरा घाव. अशा रुग्णाची, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रीची, हाडांची घनता आधी मोजून घ्यायला हवी. बायपासनंतर कॅल्शियम घ्यायचे तर सायट्रेट स्वरूपातले, कारण कार्बोनेट पचायला आम्ल लागते आणि ते आता पुरेसे नसते. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी लागू पडत नाही असे वाटले तर तिचे इंजेक्शन मिळते. हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे 'एसआर' लिहिलेल्या गोळ्यांचा बदललेल्या आतड्यात भरवसा धरता येत नाही. आणि जैविक इंजेक्शने शस्त्रक्रियेच्या आधी किती दिवस थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, हे संधिवाततज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. रुग्णाने निरोप्या होऊन इकडचे तिकडे सांगणे बरे नव्हे. फोन करा म्हणून आग्रह धरावा.

गाउटवाल्यांसाठी वेगळी सूचना. वजन झपाट्याने उतरते आणि पाणी कमी प्यायले जाते तेव्हा युरिक ॲसिड आधी वर जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगठा सुजून लाल होण्याची शक्यता असते. पुढे वजन उतरल्यावर युरिक ॲसिडही खाली येते. पण पहिला झटका आला आणि नेहमीची गोळी बंद असली तर काय घ्यायचे, हे आधी ठरवून ठेवलेले असावे.

चिकुनगुन्यानंतर महिनोन् महिने सांधे दुखणारे लोक गेल्या काही वर्षांत आपण खूप पाहिले. दुखणे तेवढेच नवे असेल तर घाई करू नये, ते ओसरू शकते. आणि 'वाताच्या पुड्या' घेत असाल तर तेही सांगा. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. नकळत घेतलेले स्टेरॉइड शस्त्रक्रियेच्या दिवशी एकाएकी थांबले तर रक्तदाब कोसळू शकतो.

आधी पोट की आधी गुडघा?

ज्यांना गुडघा बदलायचा सल्ला मिळाला आहे त्यांचा हा प्रश्न. मेलबर्नमध्ये ८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचा गुडघा थेट बदलायचा, उरलेल्यांची आधी वजनाची शस्त्रक्रिया, मग गुडघा, असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटप केले होते. थेट गटात सुमारे ३७ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली, वजन आधी उतरवलेल्यांत १५ टक्के. त्याहून बोलका आकडा पुढचा. वजन उतरवलेल्या ४१ जणांपैकी १२ जणांनी आता बरे वाटते म्हणून गुडघा बदलायलाच नकार दिला. या अभ्यासात जठराला पट्टा बांधण्याची पद्धत वापरली होती आणि ती आता मागे पडली आहे, हे ध्यानात ठेवून आकडे वाचावेत. तरीही घाई नसेल तर आधी पोट, हा क्रम मला पटतो. गुडघा पूर्ण झिजून पाय वाकडा झाला असेल आणि माणूस घराबाहेरच पडत नसेल, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

खर्चाचे बघताना विम्याचे कलम वाचा. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित शब्दरचनेत या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत चारपैकी एक आजार: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. सांध्यांचा उल्लेख त्यात नाही. गुडघ्यामुळे ज्याचे आयुष्य एका खोलीत आले आहे त्याचा दावा ३८ बीएमआयलाही अडू शकतो. २०२२ च्या शिफारशींनंतर हे कलम बदलायला हवे होते.

वजनाच्या इंजेक्शनांनी या सगळ्या चर्चेत आता तिसरा पर्याय आणला आहे. सेमाग्लुटाइडवरचा, गुडघ्याची झीज असलेल्या ४०७ जणांचा अभ्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरले. वेदनेचा निर्देशांक १०० पैकी सुमारे ४२ गुणांनी घटला. नुसते पाणी टोचलेल्यांतही तो २७.५ गुणांनी घटला होता, हेही सांगायला हवे. इंजेक्शनाने पोटाची रचना बदलत नाही, त्यामुळे वेदनाशामकांवर बायपाससारखी कायमची बंदी येत नाही. पण औषध थांबवले की वजन परततेच असा अनुभव आहे आणि खर्च दरमहाचा आहे. बीएमआय तिशीच्या आसपास असलेल्या संधिवाताच्या रुग्णाने मला वाटते आधी याचा विचार करावा.

शस्त्रक्रिया कोणतीही झाली तरी प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर मांडीचा स्नायूही उतरतो, आणि गुडघ्याला सांभाळणारा तोच असतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने असा साधारण हिशेब आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी करणाऱ्यांना हे जमवणे अवघड जाते. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याच्या कुटापुरतीच काय ती प्रथिने. उपवास सोडवत नसेल तर दही, पनीर, दूध यांवर करावा. तंबाखू, सिगारेट, मिश्री मात्र सोडायचीच. धूम्रपान हे मार्जिनल अल्सरचे मोठे कारण आहे.

सर्जनकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, फक्त नावे सांगू नयेत. महिन्यातून किती दिवस कोणती गोळी लागते याची दोन महिन्यांची नोंद वहीत असली तर उत्तम. आणि एक प्रश्न थेट विचारावा: माझे सांधे पुन्हा सुजले तर या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही मला काय द्याल?

बायपास झालेल्याची दाढ सहा वर्षांनी दुखते तेव्हा दातांच्या डॉक्टरांना पोटाबद्दल काही माहीत नसते आणि रुग्णही ते विसरलेला असतो. म्हणून पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवावी: बायपास झाला आहे, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शन नको. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते परस्पर बंद करू नये, विचारावे. पोटात वरच्या बाजूला सतत खुपत असेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ते असे चिकट नसते.